टोमॅटोस काठी द्यावी काय ?

टोमॅटोचें रोप हातभर वाढलें म्हणजे तें एका बाजूस कलूं लागतें, आणि त्या दिवशीं परसबागेच्या धन्यापुढें प्रश्न येऊन उभा राहतो : यास काठी द्यावी, कीं पडेल तिकडे पडूं द्यावें ? प्रश्न क्षुल्लक दिसतो. परंतु आमच्या विद्यार्थ्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं परसांतील चार वाफ्यांवर आठवड्याची भाजी अवलंबून असते. आणि सन २०२३ च्या जुलै महिन्यांत टोमॅटोचा भाव अनेक शहरांत किलोस शंभर रुपयांच्या वर गेला होता, हें पालकांच्या स्मरणांत असेलच. तेव्हां या विषयावर आम्हीं आमचें मत येथें मांडलें तर तें अस्थानीं होणार नाहीं अशी आशा आहे.

आमच्या वाडवडिलांनीं या झाडास ‘वेलवांगें’ म्हटलें, आणि त्या एका शब्दांत सारा वाद आलेला आहे. वांग्याच्या कुळांतलें तें खरेंच. परंतु वांग्याप्रमाणें तें स्वतःच्या खोडावर ताठ उभें राहत नाहीं. वेल म्हणावें, तर कारल्यास असतात तसे तणावे त्यास नाहींत, व घेवड्याप्रमाणें काठीस वेढे घालण्याची कलाही त्यास अवगत नाहीं. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याकडील मुलुखांत त्याचे रानटी भाऊबंद अद्यापि आढळतात. ते भुईवर व झुडपांवर पसरतात, आणि खोड ओल्या मातीस टेकलें कीं त्यास तेथें नवीं मुळें फुटतात. यास्तव ‘लोळूं द्या, तो त्याचा स्वभावच आहे’ असें म्हणणारा मनुष्य अगदींच चुकतो असें नाहीं. मात्र त्या रानटी झाडाचें फळ करवंदाहून फारसें मोठें नसतें. ज्या झाडाकडून आपण मुठीएवढ्या फळांचे घोस मागतों, त्याच्या स्वभावाचा दाखला देणें आपणांस कितपत शोभतें ?

आमच्या शाळेच्या बागेंत या प्रश्नावरून दोन तट पडले. आठवीचीं मुलें काठीवालीं, नववीचीं लोळणवादी. हें नांव त्यांस आठवीनें दिलें. एकाच वाटेच्या दोन्ही बाजूंस दोघांचे वाफे होते. जूनच्या अखेरीस लावलेलीं रोपें भाद्रपदांत फळांवर आलीं, तेव्हां नववीच्या वाफ्यांतील खालचीं पानें प्रथम काळ्या ठिपक्यांचीं, मग पिवळीं, मग वाळकीं झालीं. करप्याचें बीज मातींत असतें. पावसाचा थेंब आपटला कीं मातीचा शिंतोडा उडतो व त्याबरोबर रोग पानावर चढतो. भुईस टेकलेलीं फळें ओलीनें कुजलीं. राहिलीं तीं गोगलगाईंनीं खाल्लीं. आठवीच्या वाफ्यांत रोग आलाच नाहीं असें नव्हे; पण तो उशिरां आला, आणि झाडांमधून वारा खेळत असल्यामुळें बेताचाच राहिला.

आठवीची ही फुशारकी उन्हाळ्यापर्यंत टिकली. दुसऱ्या लागणीचीं फळें एप्रिलांत धरलीं. एका काठीस बांधलेल्या व बगलफूट खुडून बोडक्या केलेल्या झाडांचीं फळें उघडीं पडलीं. ज्या बाजूस ऊन लागे ती बाजू पांढुरकी होऊन कागदासारखी सुके. उघड्या वाफ्याची माती लवकर वाळे, आणि पाणी एखादे दिवशीं चुकलें, दुसरे दिवशीं भडाभडा दिलें, कीं फळांच्या बुडाशीं काळा डाग पडे. पलीकडे नववीचीं झाडें पेंढ्याच्या जाड थरावर पाय पसरून पडलीं होतीं. पानांची सावली फळांस होती व मातीसही होती. पांढुरकें फळ त्या वाफ्यांत शोधावें लागे.

मोठ्या शेतीकडे पाहिलें तरी हाच भेद दिसतो. अमेरिकेंतील कॅलिफोर्निया प्रांतांत हजारों एकर टोमॅटो विनाकाठीचा भुईवर पसरलेला असतो, आणि १९६० नंतरच्या दशकांत निघालेलीं यंत्रें तो एका फेरींत उपटून घेतात. आमच्याकडे जुन्नर तालुक्यांत नारायणगांवाकडे किंवा नाशिक जिल्ह्यांत जावें, तों शेतकरी बांबू रोवतो, तार ओढतो, सुतळीनें एकेक फांदी बांधतो. यांपैकीं एक शहाणा व दुसरा वेडा असें नाहीं. तेथला उन्हाळा बहुतेक कोरडा, व तेथलें हें फळ कारखान्यांत जाऊन त्याचा रस व सॉस व्हावयाचा. येथें पावसाळ्याच्या चिखलांत पीक काढावयाचें, आणि बाजारांत गिऱ्हाईक फळ हातांत घेऊन उलटेंसुलटें करून पाहणार.

आतां आमच्या हातून झालेली एक चूक सांगितली पाहिजे. किंबहुना या लेखाचें खरें कारण तीच आहे. दोन वर्षांपूर्वी आम्ही एका विद्यार्थ्याच्या घरीं गेलों होतों. त्याची आई परसांत भाजी करते, आणि घरांत खपून उरेल ती आठवड्याच्या बाजारीं नेते. तिचीं टोमॅटोचीं रोपें पाहून आम्हीं मोठ्या अधिकारानें सांगितलें, ‘प्रत्येकास एक काठी द्या, एकच शेंडा ठेवा, बगलफूट दिसेल तितकी खुडून टाका.’ पुस्तकांत तसेंच होतें. परंतु झाडाची जात विचारण्याचें आमच्या ध्यानांत आलें नाहीं.

टोमॅटोच्या जाती मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. ‘पुसा रुबी’सारखी जात उंच वाढतच जाते, तिला शेंडा ठेवून बगलफूट खुडली तर फळ संख्येनें कमी पण मोठें व लवकर येतें. दुसरा प्रकार ठेंगणा : त्याचा शेंडा कांहीं घोसांनंतर स्वतःच फुलांत संपतो, आणि पुढलें सारें पीक बगलेंतून फुटणाऱ्या फांद्यांवर येतें. हा गुण सन १९१४ मध्यें अमेरिकेंत फ्लोरिडा येथें एका झाडांत आपोआप उत्पन्न झालेला आढळला, व तेथून तो जगभरच्या ठेंगण्या जातींत उतरला. ओळख सोपी आहे. उंच जातींत फुलांच्या दोन घोसांमध्यें बहुधा तीन पानें असतात. ठेंगण्या जातींत एक किंवा दोनच. त्या बाईंचीं झाडें ठेंगणीं होतीं. तिनें व मुलानें आमच्या शब्दावर विश्वासून बगलफूट खुडली, म्हणजे येणारें पीकच खुडून उकिरड्यावर टाकलें. पुढें बाजारांत भेट झाली तेव्हां ती एवढेंच म्हणाली, ‘गुरुजी, तुम्ही सांगितलंत तस्संच केलं, पण औंदा पाटी काही भरली नाही.’ तिनें रागें भरलें असतें तर आम्हांस अधिक बरें वाटलें असतें.

तेव्हां आमचें मत असें. पावसाळ्यांत जात कोणतीही असो, झाड भुईवरून उचललेंच पाहिजे. हिवाळ्यांत उंच जातीस काठी द्यावी. ठेंगणीस तीन बाजूंनीं बुटक्या काठ्या रोवून भोंवतीं सुतळी फिरविली कीं पुरे, व तिच्या बगलफुटीस हात लावूं नये. उन्हाळ्यांत मात्र पानें हेंच फळांचें छत्र होय. त्या दिवसांत उंच जातीसही दोन-तीन शेंडे राखावे, आणि जागा व पेंढा असेल तर ठेंगणीस खुशाल लोळूं द्यावें. फक्त दोन झाडांत हात-दोन हात अंतर ठेवावें.

बांबू विकत आणण्याची गरज नाहीं. देशावर तुरकाठ्या व पऱ्हाट्या चुलींत जातात, त्यांतील सरळ निवडून ठेवाव्या. उंच झाडास दोन एकत्र बांधाव्या. काठी रोप लावतांनाच रोवावी. मागाहून रोवणारा मुळें तोडतो. बांधावयास तार घेऊं नये, जुन्या लुगड्याची चिंधी घ्यावी, व इंग्रजी आठाच्या आकड्याप्रमाणें सैल फांस द्यावा, म्हणजे खोड जाड झालें तरी कांचत नाहीं. आणि एक विनंती पालकवर्गास, विशेषतः आजोबांस : तंबाखू मळलेल्या हातानें झाडास शिवूं नये. तंबाखूच्या पानांतील एक रोग हातावाटे टोमॅटोस लागतो व पानें चितकबरी होतात. साबणानें हात धुवून मग खुशाल बागेंत यावें.

यंदा आषाढांत आम्ही पुनः त्या घरीं गेलों. रोपें वीतभर होतीं, आणि प्रत्येकाभोंवतीं तीन तुरकाठ्या आधींच रोवलेल्या होत्या. आम्हीं जात विचारली. ‘तीच, बुटकी,’ असें म्हणून तिनें सुतळीचें एक टोंक आमच्या हातीं दिलें व ताणून धरावयास सांगितलें.