टँकरवाल्याला विचारलंत का?

गेल्या शुक्रवारी, ऐन रिलीजच्या गडबडीत, हिंजवडीच्या आमच्या ऑफिसात मला एका 'फोकस ग्रुप'ला बसवलं. विषय काय, तर कंपनीचे पर्यावरणावर नि समाजावर होणारे परिणाम आणि त्यातली जोखीम. सामोसे होते, गेलो. :-)

आम्ही बारा जण. दहा इंजिनियर, एक एचआरवाली आणि टेबलाच्या टोकाला डिलिव्हरी हेड. त्याच्यासमोर आम्ही म्हणे 'मोकळेपणाने' बोलायचं! भिंतीवर वीस मुद्दे, प्रत्येकाला पाच रंगीत टिकल्या. महत्त्वाचं वाटेल तिथे चिकटवा. डेटा प्रायव्हसी पहिली आली. पाण्याला दोन टिकल्या, त्यातली एक माझी.

आता आमचं पाणी येतं टँकरने. कुठल्या विहिरीतून, कुठल्या बोअरमधून, खोलीत एकालाही ठाऊक नव्हतं. मलाही नाही. ज्याला ठाऊक आहे तो गेटवर टँकर रिकामा करत होता. आणि ज्यांच्या शेजारी तो भरला जातो, ती माणसं कुणाच्या यादीतच नाहीत.

मंडळी, एका ग्राहकाचा डेटा उडाला तर बग किती जणांनी नोंदवला हे आपण मोजतो का? सेव्हरिटी बघतो. मग इथेच टिकल्या का मोजायच्या? ज्यांना झळ बसत नाही त्यांचं मतदान घेऊन जोखीम ठरवायची, याला सर्व्हे म्हणा, जोखमीचं मूल्यमापन म्हणू नका.

सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना 'बीआरएसआर' अहवाल सक्तीचा केला. त्यात स्टेकहोल्डरांचा तक्ता आहे: कोणते गट, किती वेळा बोललात, गट दुर्बल-वंचित आहे का, हो की नाही. पाण्याच्या तक्त्यात भूजलाचा रकाना वेगळा आणि 'थर्ड पार्टी'कडून घेतलेल्या पाण्याचा वेगळा. म्हणजे बोअरचं पाणी टँकरात चढलं की त्याचा रकाना बदलतो. काय सोय आहे!

उलट २००६ ची पर्यावरण अधिसूचना बघा. जनसुनावणीची ३० दिवस आधी नोटीस, आणि शेवटी नोंदवलेलं म्हणणं जमलेल्या लोकांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. सुनावण्यांत काय तमाशे होतात ते पेपरात वाचतोच, पण नियम तरी शहाणा आहे. (बांधकाम प्रकल्पांना, म्हणजे आपल्या काचेच्या इमारतींना, त्यातून सूट आहे. असो.)

माझं मागणं फार नाही. साहेब खोलीबाहेर. टँकरवाले, हाउसकीपिंग, पाणी जिथून येतं तिथले लोक, यांचे वेगळे गट, मराठीत किंवा हिंदीत. बुडालेल्या वेळेची मजुरी द्या. आणि लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा.

हे मी अहवालवाल्या मॅडमना म्हटलं. "अरे, पण मावशी आपल्या पे-रोलवर नाहीत ना!"

सोमवारी पॅन्ट्रीत मावशींना सहज विचारलं, टँकर उशिरा आला तर काय होतं?

"काय होणार सर, आधी खालचं बाथरूम बंद करतात. आमचं. तुमच्या मजल्यावरचं चालू असतं."

वीस मुद्द्यांत हे नव्हतं. दुसऱ्या फेरीची मेल आलीय. उत्तरात मी त्यांचं नाव टाकून दिलंय. अजून कुणी काही बोललेलं नाही.