गाणारी डबी गप्प झाली

जुन्या काळच्या घरगुती यंत्रांना एक सभ्य सवय होती. बिघडण्यापूर्वी ती सूचना देत. घड्याळ मागे पडू लागे, शिवणयंत्र टाके गाळी, रेडिओ खरखर करू लागे. मग घरातले वडीलधारे रेडिओच्या डोक्यावर एक हलकी चापट मारीत आणि पुष्कळदा तो मुकाट्याने पुन्हा बातम्या सांगू लागे. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, त्या काळच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत तर मागून डोकावले की कोणता दिवा पेटलेला नाही हे शाळकरी पोरालाही दिसे. पुढे १९६३ साली कॅसेट आली. तिची टेप सैल पडली की भोकात पेन्सिल घालून फिरवायची, एवढे ज्ञान घरोघरी होते. १९७९ साली वॉकमन आला आणि गाणे कमरेला लटकू लागले.

आता पाहा! तीन-चारशे रुपयांना काड्यापेटीएवढी डबी मिळते. तिची साठवण चार जीबी असेल, तर तीत चार-चार मिनिटांची सुमारे हजार गाणी मावतात. कुणी तीत अभंग भरतो, कुणी नाट्यगीते, कुणी नातवाचे बोबडे बोल. पण ही डबी रुसली की काही बोलत नाही. दिवा नाही, खरखर नाही, चापट मारून उपयोग नाही. ‘टाकून द्या आणि नवीन घ्या,’ हा सल्ला मात्र सगळीकडे फुकट मिळतो.

आमच्या नवीन जालन्यात हा सल्ला सहज पटावा, अशीच हवा आहे. कुंडलिकेच्या काठचे हे गाव बियाण्यांसाठी जसे प्रसिद्ध, तसेच लोखंडासाठी. गावोगावची मोड इथे येते, भट्टीत वितळते आणि सळई होऊन बाहेर पडते. मोडीतूनही नवे घडते, हे इथे कुणाला शिकवावे लागत नाही. पण भंगारातल्या लोखंडाची सळई होते. भंगारात गेलेल्या आवाजाचे काहीच होत नाही. हा फरक आमच्या शेजारी अगदी ऐरणीवर आला.

शेजारच्या आजी अंबड तालुक्यातल्या. जात्यावरच्या पुष्कळ ओव्या त्यांना तोंडपाठ. एका दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्या नातीने आपल्या गाण्याच्या डबीवर त्या ध्वनिमुद्रित करून घेतल्या. अशा डब्यांत बारीकसा मायक्रोफोन असतो, हे अनेकांच्या गावीही नसते. पुढे आजींना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. तेव्हापासून दुपारी ती डबी उशाशी ठेवून आपल्याच ओव्या ऐकणे, हा त्यांचा नेम. आणि ऐन नवरात्रात डबी बंद पडली. दुकानदाराने ती उलटसुलट करून पाहिली आणि सांगितले, “फॉरमॅट मारावा लागेल, नाहीतर नवीन घ्या.” मुलगा नवीन घ्यायला निघालाच होता. नात मात्र डबी घेऊन माझ्याकडे आली.

“काका, डबी सुरू नाही झाली तरी चालेल. पण आजीच्या ओव्या आधी काढून द्या.”

अकरावीतल्या मुलीने दुरुस्तीचा पहिला नियम सांगून टाकला होता. काय वाचवायचे ते आधी ठरवावे, मग हत्यार उचलावे.

आता जे केले ते क्रमाने सांगतो, कारण या कामात क्रमालाच किंमत आहे. पहिली गोष्ट, डबी टेबलावर ठेवून नुसती पाहिली. तिची पाठ फुगलेली असती, तर काम तिथेच थांबवले असते. आत लिथियमची चपटी बॅटरी असते. ती फुगली की दाबू नये, टोचू नये, पुन्हा चार्जिंगलाही लावू नये; ती पेट घेऊ शकते. इथे पाठ सपाट होती. दुसरी गोष्ट, बाजूची ‘होल्ड’ची खिट्टी. खिशात घासून ती सरकते आणि मग एकही बटण चालत नाही. निम्म्या ‘मेलेल्या’ डब्या या खिट्टीनेच जिवंत होतात, असे मी गमतीने म्हणतो. इथे खिट्टी जागेवर होती.

तिसरी गोष्ट, चार्जिंग. घरातली वायर लावली. दिवा लागला नाही. दुसरी वायर लावली, लागला! पहिली वायर टोकाशी आतून तुटलेली होती. म्हणजे काही दिवस घरची मंडळी डबी चार्जिंगला लावत होती आणि तिच्या पोटात काहीच जात नव्हते. ही बॅटरी साधारण ३.७ व्होल्टची; पूर्ण भरली की ४.२ पर्यंत चढते. फार रिकामी झाली की आतले संरक्षक मंडल तिला तोडून ठेवते. उपाशी माणसाला आधी पेज द्यावी, तसे अशा बॅटरीला प्रथम थोडा थोडाच प्रवाह घेता येतो. म्हणून दिवा दिसला नाही तरी अर्धा तास धीर धरावा, मग निकाल द्यावा.

अर्ध्या तासाने डबी उजळली, पडद्यावर नाव आले आणि तिथेच थिजली. चालू-बंदचे बटण पंधरा सेकंद दाबून धरले. काही डब्यांना त्यासाठी टाचणीएवढे भोक असते. पुन्हा तेच. याचा अर्थ वीज ठीक, यंत्रही जागे होते. अडत होते ते आठवणीपाशी.

मग संगणकाला जोडली. इथे एक सूचना. काही स्वस्त वायरींत फक्त विजेच्या तारा असतात, माहितीच्या नसतात. तेव्हा संगणकाला डबी दिसली नाही तर तिला दोष देण्यापूर्वी वायर बदलावी. आम्हाला ती दिसली आणि संगणकाने अदबीने विचारले, ‘फॉरमॅट करू का?’ वाचकहो, या प्रश्नाला घाईने ‘हो’ म्हणू नका. पोथीची अनुक्रमणिका फाटली म्हणून पाने हरवत नाहीत. बॅटरी मध्येच संपून डबीची अनुक्रमणिका बिघडते, पण ओव्यांची पाने बहुधा जागेवर असतात. फॉरमॅट म्हणजे कोरी अनुक्रमणिका चिकटवणे. आणि मग नवीन गाणी भरली की ती जुन्या पानांवरच लिहिली जातात. मग मात्र ब्रह्मदेवही काही करू शकत नाही.

म्हणून आधी डबीतल्या साऱ्या साठ्याची जशीच्या तशी नक्कल संगणकावर घेतली आणि त्या नकलेवर फोटोरेक नावाचा विनामूल्य प्रोग्रॅम चालवला. नाव छायाचित्रांचे असले, तरी तो आवाजाच्या फायलीही शोधतो. बावीस ध्वनिमुद्रणांपैकी एकोणीस मिळाली. मात्र अनुक्रमणिकाच नसल्याने त्यांची नावे गेली होती. उरले होते नुसते आकडे. तेव्हा नात आजींजवळ वही घेऊन बसली. एकेक ओवी लावायची. सासर-माहेरची असेल तर एक रकाना, भावाची असेल तर दुसरा, पंढरीची असेल तर तिसरा. नातीचा अंदाज चुकला की आजी उजवा हात हलवून ‘नाही’ म्हणत. दोन दुपारी हे काम चालले. ते संपल्यावरच डबी फॉरमॅट केली आणि ती मुकाट्याने वाजू लागली.

यात एका कुटुंबाचाच प्रश्न आहे असे नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी गावोगाव फिरून लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पिठाच्या गिरण्या आल्या, जाती माळ्यावर गेली आणि ओवीचा रोजचा घासच तुटला. म्हणून ते काम मोलाचे. पण प्रत्येक आजीच्या दाराशी संशोधक पोचत नाही. तिथे तीनशे रुपयांची डबी पोचते. त्या डबीचा आवाज एकाच ठिकाणी ठेवणे म्हणजे घरातले सगळे दागिने एकाच फाटक्या खिशात ठेवणे.

तेव्हा या दिवाळीच्या साफसफाईत खणात पडलेली डबी कचऱ्यात टाकण्यापूर्वी तीत काय आहे ते ऐका. आवाज कुणाचा असेल, तर त्याची एक नक्कल संगणकावर आणि एक भावाबहिणीच्या घरी ठेवा. भाऊबिजेला यापेक्षा स्वस्त ओवाळणी नाही. वापरायची नसेल तर डबी साधारण अर्धी चार्ज करून कोरड्या जागी ठेवा. कार्ड घालायचे असेल तर शक्यतो ३२ जीबीपर्यंतचे घ्या. त्याहून मोठी कार्डे ज्या पद्धतीने आखलेली येतात, ती स्वस्त डब्यांना बहुधा वाचता येत नाही. आणि बॅटरी खरोखरच संपली असेल, तर ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

राहता राहिली ती तुटकी वायर. ती मात्र आजच, कात्रीने दोन तुकडे करून बाजूला टाका. नाहीतर घरातले कुणीतरी काटकसरी माणूस ती पुन्हा खणात ठेवील, आणि पुढच्या दिवाळीला आणखी एक डबी बिचारी उपाशी मरेल.