रंग आधी पुसू नका

फोटो नेहमी रंगीतच काढा. काळा-पांढरा हवा असेल तर घरी आल्यावर सावकाश त्याची दुसरी प्रत करा.

रंगीत फोटो काळा-पांढरा करायला दोन मिनिटं लागतात. पण गेलेला खरा रंग परत येत नाही. कॅमेरा मोनोक्रोमवर ठेवून नुसती जेपेग फाईल घेतलीत तर रंग संपला. सोबत रॉ फाईल घेतली असेल तर तिच्यात तो राहतो. मोबाईलवर फोटो बदलल्यावर 'प्रत म्हणून जतन करा' हेच निवडा. मूळ फोटोच्या जागी बदललेला फोटो जतन करू नका.

कोणता फोटो रंगीत ठेवायचा? स्वतःला विचारा, रंग गेला तर सांगायचं काही राहून जाईल का?

नंदुरबारची मिरची पथारी घ्या. लांबपर्यंत पसरलेली लाल मिरची हीच तर तिची ओळख. काळ्या-पांढऱ्यात लाल मिरची आणि हिरवं पान जवळपास एकाच करड्या छटेत जातात. मग फोटोत काय वाळत घातलंय तेच कळत नाही. इथं रंग ठेवाच. फक्त भर दुपारी काढू नका. कडक उन्हात लाल रंग फुटतो आणि मिरच्या वेगळ्या दिसत नाहीत. सकाळी किंवा ऊन कलल्यावर जा. मोबाईलच्या पडद्यावर मिरचीवर बोट ठेवा आणि उजेड थोडा कमी करा.

शहाद्याकडे पपईचं पान पिवळं पडलं आणि कृषी सहायकाला फोटो पाठवायचा असेल, तर कुठलाही फिल्टर लावू नका. पिवळेपणा नेमका किती, हेच त्यांना बघायचं असतं. लेकराच्या अंगावरचं पुरळ डॉक्टरांना दाखवतानाही तेच. सावलीत, दिवसाच्या उजेडात, रंगीत फोटो काढा.

सारंगखेड्याच्या यात्रेत घोडा विकायला आणला असेल तरी रंगीतच. तिथं रंगावर भाव ठरतो. तांबडा आणि तपकिरी घोडा काळ्या-पांढऱ्यात सारखेच दिसतात. गिऱ्हाईक मग फोन करून रंगच विचारत बसतं.

काठी गावच्या राजवाडी होळीचा विचार मात्र थोडा थांबून करा. नाचणाऱ्यांच्या डोक्यावर मोरपिसांचा टोप, कमरेला वाळलेले दुधी भोपळे आणि घुंगरू, अंगावर पांढरे ठिपके. रंग गेला की मोरपीस निस्तेज होतं. तेच अंगावरचे पांढरे ठिपके काळ्या-पांढऱ्यात जिवंत होतात. म्हणून टोपासकट पूर्ण माणूस रंगीत ठेवा. ठिपक्यांचा जवळून घेतलेला फोटो हवा तर काळा-पांढरा करून बघा. पण आधी विचारा. ही मंडळी व्रत पाळून नाचतात. नको म्हणाले तर कॅमेरा खाली घ्या.

आदिवासी माणसाचा चेहरा दिसला की तो काळा-पांढरा करून उदास करायची सवय लागली आहे. ती सोडा. बाजाराला नटून आलेल्या बाईनं साडी निवडून नेसलेली असते. तिचा रंग पुसणारे आपण कोण? काळं-पांढरं म्हणजेच कलात्मक, असं मुळीच नाही. रघुबीर सिंग यांनी भारत रंगीत फिल्मवर टिपला, तोही नावाजलेले बहुतेक छायाचित्रकार काळ्या-पांढऱ्यात काम करत होते त्या काळात.

मग काळं-पांढरं कुठं शोभतं? तोरणमाळच्या धुक्यात. चुलीच्या धुरात. सुरकुतलेल्या हातांवर. लग्नातल्या त्या फोटोंवरही, जिथं स्टेजच्या दिव्यांनी आजीचा चेहरा जांभळा झालेला असतो. तिथं रंग काहीच सांगत नसतो, उलट आड येतो. हललेला फोटो मात्र काळा-पांढरा केल्यानं सुधारत नाही.

घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा काळा-पांढरा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी थोडं थांबा. आपल्याकडे असा फोटो श्रद्धांजलीच्या फलकावर असतो. पाहणारा दचकतो, फोन सुरू होतात. वाढदिवसाला रंगीतच टाका.

पेटीतले आजोबांचे जुने फोटो स्कॅन करताना काळे-पांढरे असले तरी स्कॅनर रंगीतवर ठेवा. कागदाचा पिवळेपणा, शाईतली सही, शिक्का हे सगळं त्यात येतं. रंग भरून देणारी ॲप वापरायची असतील तर वापरा, पण लुगड्याचा रंग ती अंदाजानं भरतात. अशा प्रतीच्या नावात 'रंग नंतर भरले' असं लिहा. मूळ फाईल वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे ती लहान होऊन जाणार नाही.