कुंडली पाहतो, मुलीला सांगतो काय?

१९५६ च्या भाषावार प्रांतरचनेत आदिलाबाद आंध्रात गेला, पण आपली सोयरीक पैनगंगेच्या दोन्ही काठांवर कायम राहिली. आजही आपल्या मुली यवतमाळ, नांदेड, चंद्रपूरकडे दिल्या जातात. बैठकीत घराणे, शेती, नोकरी, कुंडली सारे पाहिले जाते. एचआयव्हीचा विषय मात्र कोणी काढत नाही.

घरंदाज मुलीला या माहितीची गरज काय, असे काही ज्येष्ठ विचारतात. गरज तिलाच आहे. नवऱ्याशी एकनिष्ठ असलेल्या कितीतरी बायकांना ही लागण नवऱ्याकडूनच झाली आहे. घराण्याचे नाव विषाणू अडवत नाही. माहिती, निरोध आणि वेळेवर केलेली तपासणी अडवते.

२००५ साली केंद्राने शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ साली महाराष्ट्रासह काही राज्यांनी संस्कृतीच्या नावाने तो रोखला. ज्या मराठी मुलखात र. धों. कर्व्यांनी १९२१ मध्ये संततिनियमन केंद्र काढले आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ चालवले, त्याच मुलखात हे घडले! परिणाम समोर आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत एचआयव्हीची नीट माहिती असलेल्या स्त्रिया शंभरात जेमतेम २२ निघाल्या.

आमची मागणी साधी आहे. जिल्ह्यातील मराठी माध्यमाच्या शाळांत आठवी ते दहावीच्या मुलींना हे शिक्षण मराठीतून मिळावे. तेलुगूतले पत्रक वाटून जबाबदारी संपत नाही. पाळी, शरीराची वाढ, नकार देण्याचा हक्क, लागण कशी होते आणि कशी होत नाही, हे शिक्षिकेने किंवा नर्सबाईंनी मोकळेपणी सांगावे. मुलांनाही वगळू नये. मतांसाठी दारी येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला याचा जाब विचारा.

घरातही बोला. लग्नाआधी दोघांनी राजीखुशीने तपासणी करावी. सरकारी केंद्रात ती मोफत होते आणि २०१७ च्या कायद्याने गुप्तताही पाळावी लागते. १०९७ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. कोणाला लागण आढळलीच, तर त्याला वाळीत टाकू नका. एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही आणि नियमित औषधांनी माणूस दीर्घकाळ जगतो.

आईने लाजेने टाळलेला प्रश्न मुलीला पुढे संसारात सोडवावा लागतो. तिला तो एकटीने सोडवायला लावू नका.