शेतराखणीला सिमकार्डचा कॅमेरा : निवड, वापर आणि कायदा

गेल्या हरभऱ्याच्या हंगामात सुप्याजवळच्या एका शेतकऱ्याने मला एक छोटा हिरवट कॅमेरा दाखवला. परदेशात नोकरीला असलेल्या पुतण्याने तो आणला होता. खोक्यावर मोठ्या शिंगांच्या हरणाचे चित्र होते. ‘साहेब, सिम टाकलं, मोबाईलला इथं फुल रेंज आहे, पण याचा एक फोटो येत नाही. आणि समजा आला, तर पुढं करायचं काय?’ असे त्यांनी विचारले.

दोन्ही प्रश्न योग्य आहेत. पारनेर, श्रीगोंदा, शिरूर भागातून गेल्या वर्षभरात अशा कॅमेऱ्यांची विचारणा वाढली आहे. त्यामागे तीन कारणे दिसतात. माळाकडेच्या हरभरा, मूग, ज्वारीत काळवीट आणि रानडुकरांचा त्रास आहे. ऊस पट्ट्यात बिबट्याची भीती आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातील पिंपरखेड-जांबूत परिसरात तीन जणांचा बळी गेला आणि त्यानंतर आपल्याच जिल्ह्यात खारेकर्जुने येथे लहान मुलगी दगावली. तिसरे कारण पीकविम्याचे आहे. वन्यप्राण्यांमुळे होणारे नुकसान खरीप २०२६ पासून प्रधानमंत्री पीकविमा योजनेत घेण्याचा निर्णय केंद्राने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केला. त्यामुळे पुराव्याला महत्त्व आले आहे.

हा कॅमेरा मुळात कशासाठी बनला?

सिमकार्डवर चालणारा ट्रेल कॅमेरा अमेरिकेत प्रामुख्याने हरणांच्या शिकारीसाठी विकला जातो. हरीण कोणत्या वाटेने, किती वाजता येते हे शिकाऱ्याला घरबसल्या कळते. तिथेही यावर वाद झाला. प्राण्याला निसटण्याची संधीच उरत नाही, असे म्हणत अॅरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून शिकारीसाठी ट्रेल कॅमेरा वापरण्यावर बंदी घातली.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्याने आधीच मिटवला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ नुसार काळवीट, चिंकारा, बिबट्या आणि लांडगा हे पहिल्या अनुसूचीत आहेत. त्यांच्या शिकारीला तीन ते सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. कायद्यातील ‘शिकार’ या शब्दात मारणे, पकडणे, फास लावणे, विष घालणे, आमिष ठेवणे आणि यापैकी कशाचाही प्रयत्न करणे एवढे सगळे येते. पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुक्कर किंवा रोहीबाबतही वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय काहीही करता येत नाही.

म्हणून पहिला नियम लक्षात ठेवा. फोटो चांगला यावा यासाठी कॅमेऱ्यासमोर धान्य, मीठ, कोंबडीचे तुकडे किंवा मासळी ठेवू नका. परदेशी व्हिडिओत हे सर्रास दाखवतात. इथे तो गुन्हा ठरू शकतो, शिवाय जनावराला तुम्हीच शेतात यायची सवय लावता.

खरेदीपूर्वी काय पाहावे?

१) नेटवर्क बँड : पुतण्याच्या कॅमेऱ्याची अडचण हीच होती. अमेरिकेसाठी बनवलेली बरीच मॉडेल्स तिथल्याच ४जी बँडवर आणि तिथल्याच कंपनीच्या मासिक योजनेवर चालतात. आपल्याकडे प्रामुख्याने बँड १, ३, ५, ८, ४० आणि ४१ वापरात आहेत. जिओचे ४जी ३, ५ आणि ४० वर चालते आणि जिओला २जी-३जी नाही. त्यामुळे जुना २जी किंवा ३जी कॅमेरा जिओच्या सिमवर चालणार नाही. खोक्यावर बँडचे आकडे पाहा आणि ‘कोणतेही सिम चालते का’ हे दुकानदाराकडून लिहून घ्या.

२) जागेवरची रेंज : ज्या कंपनीचे सिम टाकणार, त्याच कंपनीचा मोबाईल कॅमेऱ्याच्या जागी, गुडघ्याच्या उंचीवर धरून इंटरनेट तपासा. ओढ्याच्या खोलगटात रेंज पडते. बांधावर पूर्ण रेंज असून खाली दहा पावलांवर फोटो जात नाही, असे घडते. लांब वायरचा अँटेना जोडण्याची सोय असेल तर उत्तम.

३) रात्रीचा प्रकाश : ८५० नॅनोमीटरच्या अवरक्त दिव्याने लांबचे दिसते, पण दिव्यांवर मंद लाल ठिपका दिसतो. ९४० नॅनोमीटरचा दिवा दिसत नाही, मात्र त्याचा पल्ला कमी असतो. चोरीची भीती असलेल्या रस्त्याकडेच्या शेतात ९४०, तर मोकळ्या माळावर ८५० घ्यावा.

४) वीज : बहुतेक कॅमेऱ्यांत आठ किंवा बारा पेन्सिल सेल लागतात. सिम असलेला कॅमेरा साध्या कॅमेऱ्यापेक्षा सेल लवकर संपवतो. छोटे सोलर पॅनेल आणि रिचार्ज होणारी बॅटरी असलेला संच दीर्घकाळ स्वस्त पडतो.

५) डेटा : फोटो लहान करून पाठवण्याची सोय असावी. एक फोटो १५० केबीचा धरला आणि दिवसाला शंभर फोटो आले, तरी १५ एमबी होतात. व्हिडिओ चालू ठेवला तर डेटा आणि बॅटरी दोन्ही लवकर संपतात. सिम स्वतःच्या नावावर घ्या आणि रिचार्जची तारीख लिहून ठेवा.

बाजारात सोलरवर चालणारे, फिरणारे ४जी सीसीटीव्ही कॅमेरेही मिळतात. गोठा, विहीर, मोटार, शेततळे यासाठी तेच बरे, कारण त्यात थेट चित्र दिसते आणि काहींत भोंगा वाजवता येतो. दूरच्या बांधावर, जनावरांच्या वाटेवर काही आठवडे ठेवायला ट्रेल कॅमेरा योग्य.

बसवताना होणाऱ्या चुका

हा कॅमेरा हलणारी उष्णता ओळखतो. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत भर दुपारी, जमीन आणि जनावराचे अंग यांच्या तापमानात फरक कमी झाला की तो चुकतो. उलट, उन्हात तापलेले हलणारे गवत किंवा बाभळीची फांदी त्याला जनावर वाटते आणि शेकडो रिकामे फोटो येतात. समोरचे तीन-चार मीटर गवत कापा.

- कॅमेऱ्याचे तोंड शक्यतो उत्तरेकडे ठेवा. पूर्व-पश्चिम ठेवल्यास उगवता-मावळता सूर्य थेट भिंगात येतो.
- रानडुक्कर, बिबट्या, कोल्हा यांच्यासाठी जमिनीपासून ४५ ते ६० सेंटिमीटर उंची पुरते. काळविटासाठी थोडे वर बांधा.
- वाटेच्या अगदी समोर न लावता तिरकस लावा. जनावर आडवे गेले की ते लवकर टिपले जाते, सरळ चालून आले तर उशिरा.
- माळावर झाड नसते, म्हणून लोखंडी अँगल दोन फूट गाडा. लाकडी दांडा वाऱ्याने हलतो.
- कॅमेऱ्यातली तारीख-वेळ पहिल्याच दिवशी बरोबर लावा. चुकीच्या वेळेचा फोटो पुरावा म्हणून कमकुवत ठरतो.
- कॅमेरा स्वतःच्या हद्दीत, स्वतःच्या पिकाकडे तोंड करून लावा. शेजाऱ्याचे घर, पाणवठ्यावर येणाऱ्या बायका, पायवाट टिपली जाऊ नये. ‘येथे कॅमेरा आहे’ अशी पाटी लावा. वनजमिनीवर परवानगीशिवाय लावू नका.

फोटोवर किती विसंबावे?

या भागात कुणाच्या तरी जिवावर बेतू शकते, म्हणून हा मुद्दा नीट वाचा. कॅमेरा जनावर टिपतो, जागा होतो, नेटवर्क शोधतो आणि मग फोटो पाठवतो. यात अर्धा मिनिट ते काही मिनिटे जातात. रेंज नसेल तर फोटो सकाळीही येऊ शकतो. तेवढ्या वेळात बिबट्या तीन शेते ओलांडतो. शिवाय कॅमेरा पाहतो ती पट्टी पंधरा-वीस मीटरची, आणि उसाला बाजू चार.

म्हणून ‘फोटो आला नाही, म्हणजे बिबट्या नाही’ असा अर्थ कधीही काढू नका. रात्री पाणी द्यायला जायचे की नाही, हा निर्णय कॅमेऱ्यावर सोडू नका. दोघांनी जावे, मोठी बॅटरी आणि काठी असावी, बोलत किंवा मोबाईलवर गाणी लावून चालावे, दारे धरताना खाली वाकून एकट्याने फार वेळ बसू नये. दिवसा वीज मिळाली तर यातला मोठा धोका आपोआप टळतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना किंवा मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेसाठी पाठपुरावा करणे म्हणूनच कॅमेऱ्याइतकेच गरजेचे आहे.

ताडोबाभोवतीच्या गावांत आणि जुन्नर वनविभागात कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे कॅमेरे आणि भोंगे बसवले आहेत. ती यंत्रणा वेगळी आहे. तिथे प्राणी ओळखून गावाला इशारा देण्याची व्यवस्था आणि त्यामागे माणसे असतात. शेतातल्या एका कॅमेऱ्याकडून तीच अपेक्षा ठेवू नये.

आपल्या जिल्ह्याचा अनुभव

शेतातल्या बिबट्यांचा कॅमेऱ्याने झालेला एक महत्त्वाचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यातला आहे. डॉ. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी अकोले तालुक्यातल्या बागायती खोऱ्यात कॅमेरे लावले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे पाच प्रौढ बिबटे आणि तितकेच तरस आढळले. जवळ राखीव जंगल नाही, भोवती दाट वस्ती, तरीही ते तिथे राहत होते. त्यांच्या पुढच्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला.

पारनेरकरांना टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून २००९ मध्ये काढलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्याही आठवत असेल. गळ्यात पट्टा बांधून त्याला माळशेज घाटात सोडले आणि तो चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत पोहोचला.

यातून शेतकऱ्याने काय घ्यावे? कॅमेऱ्यात बिबट्या दिसला की गावात घबराट होते आणि ‘पिंजरा लावा, गोळी घाला’ अशी मागणी होते. माणसांवर हल्ले झाले असतील तिथे ही मागणी समजण्यासारखी आहे, आणि तसा निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकच घेऊ शकतात. पण नुसता दिसला असेल, तर आधी तो कशासाठी येतो हे पाहा. उघडा शेळीचा गोठा, उकिरड्यावर टाकलेल्या मेलेल्या कोंबड्या, त्यावर जमणारी कुत्री ही कारणे बहुतेकदा फोटोच्या आसपासच सापडतात. गोठ्याला वरून-बाजूने जाळी आणि मेलेल्या पक्ष्यांची खोल खड्ड्यात विल्हेवाट, हे खर्च कॅमेऱ्याच्या आधी करा.

आणि फोटो गावाच्या मोठ्या ग्रुपवर टाकू नका. २०२५ च्या अखेरीस जुने आणि एआयने बनवलेले बिबट्याचे फोटो फिरून किती गोंधळ झाला, हे आपण पाहिले. खरा फोटो ठिकाणासह फिरला तर बघ्यांची गर्दी होते, किंवा काळविटाच्या मागावर असणाऱ्याला आयती माहिती मिळते. फोटो आधी वनरक्षकाला पाठवा किंवा १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर कळवा.

नुकसानभरपाई आणि विमा

वनविभागाच्या भरपाईसाठी पंचनामा लागतो. ट्रेल कॅमेऱ्याचा फोटो कोणते जनावर होते हे सांगतो, पण किती क्षेत्राचे नुकसान झाले हे सांगत नाही. त्यामुळे सकाळी पाऊलखुणा, विष्ठा, मोडलेले पीक यांचे मोबाईलने फोटो काढा, खुणा पुसू नका आणि त्याच दिवशी अर्ज द्या.

विम्यासाठी केंद्राच्या निर्णयानुसार ७२ तासांच्या आत पीकविमा अॅपवर स्थाननोंद असलेले फोटो टाकायचे आहेत. ट्रेल कॅमेऱ्याच्या फोटोत अशी स्थाननोंद बहुधा नसते, तेव्हा अॅपमधूनच फोटो काढावा लागेल. कोणते प्राणी आणि कोणते जिल्हे, हे राज्याने अधिसूचित करायचे आहे. तशी अधिसूचना आली की नाही, हे विमा भरण्यापूर्वी कृषी सहायकाकडे तपासा.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

प्रत्येकाने कॅमेरा घेण्याची गरज नाही. लगतच्या चार-पाच शेतकऱ्यांत किंवा गटात एक कॅमेरा पुरतो. पंधरा दिवस एका वाटेवर ठेवा आणि वहीत तारीख, वेळ, प्राणी, संख्या, दिशा नोंदवा. काळवीट बहुधा उजेडात, रानडुक्कर रात्री येते, पण प्रत्येक शिवाराची वेळ वेगळी असते. वेळ कळली की राखण तेवढीच ठेवता येते आणि वाट कळली की कुंपणाचा खर्च तिथेच करता येतो. सौर कुंपण लावायचे तर प्रमाणित झटका यंत्राचेच लावा. वनालगतच्या पात्र गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजनेत त्यासाठी मदत मिळते. तारेत थेट वीज सोडणे गुन्हा आहे, आणि त्यात आपलाच शेजारी किंवा मजूर मरतो.

सुप्याच्या त्या शेतकऱ्याने अखेर सिम काढून ठेवले. नेटवर्क नसले तरी कॅमेरा मेमरी कार्डवर फोटो साठवतोच. दर चार दिवसांनी दिवसाउजेडी ते कार्ड पाहू लागले. रानडुकरे पहाटे दोन ते चारच्या दरम्यान ओढ्याकडच्या एकाच खिंडारातून येत होती. ते खिंडार त्यांनी दगड आणि जाळीने बुजवले. एका रात्रीच्या फोटोत त्याच वाटेवर बिबट्याही होता. तेव्हापासून ते पाण्याच्या पाळीला एकटे जात नाहीत.