विळ्याभोपळ्याचे सख्य

ग्वाल्हेरच्या मराठी घरात गाण्याचा विषय निघाला की अभिमानाला भरते येते, आणि ते योग्यच आहे. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी येथील वासुदेवबुवा जोशी यांच्या चरणी बसून जी गायकी महाराष्ट्रात नेली, जिच्यासाठी कृष्णराव शंकर पंडितांनी १९१४ साली या शहरात शंकर गांधर्व महाविद्यालय स्थापिले, ती गायकी आमची, असे आपण सांगतो. परंतु त्या गायकीला ज्या फळाच्या पोटातून षड्ज मिळाला, त्याचा एक तरी वेल आपल्या अंगणात आहे काय? दुधी आहे; पण तो कोवळा असतानाच विळीवर चढतो. तुंबा नाही.

देवळाच्या ओट्यावर आम्ही हा विषय काढला तेव्हा उत्तर मिळाले, "तंबोरे मिरजेस होतात, आणि भजनाला विजेची सूरपेटी पुरते." हे उत्तर आम्हांस मान्य नाही. मिरजेच्या सतार-तंबोऱ्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, याचा आनंद कोणाला नाही? पण मानांकनाने भोपळा उगवत नाही. तो पंढरपूरकडच्या शेतांत महिनोन्‌महिने जागा अडवून पिकतो, आणि मागणी असेल तोवरच शेतकरी ती जागा देईल. देवळोदेवळी पेटी वाजू लागली तर त्याने तुंबा कोणासाठी लावावा?

प्रत्येक अंगणातून तंबोरा निघेल, असा आमचा दावा नाही. घेराने साडेतीन-चार फुटांचे फळ नवशिक्याच्या हाती लागत नसते. एकतारीपुरते, कमंडलूपुरते फळ मात्र कोणालाही धरता येईल.

येथे घाई करणारा फसतो, आणि आळस करणाराही फसतो. पावसाची वाट पाहून आषाढात बी टाकले तर फळ उशिरा धरते. पुढे पौषातले धुके आणि थंडी आली की वेल मरतो आणि कच्चे फळ चिखल होऊन गळते. म्हणून बी रात्रभर भिजवून, ज्येष्ठातच पाणी घालून लावावे. वेल दहाएक पानांचा झाला की शेंडा खुडावा. मादी फुले बहुधा बगलफुटींवर येतात. फूल पांढरे, सांजवेळी उमलणारे; नर फूल खुडून मादी फुलाला तेव्हाच लावावे. वेलावर दोन-तीनच फळे ठेवावीत. (शेजारी दुधी असेल तर त्याचे बी पुढील वर्षासाठी राखू नये, कारण दोन्ही एकाच जातीची, परागसंकर होतो. कडू निघालेला दुधी तर मुळीच खाऊ नये. त्याच्या रसाने माणसे दगावली आहेत.)

आकाराचे म्हणाल तर तो फळाच्या सालीवर लव आहे तोवरच देता येतो. मांडवावरून लोंबू दिले तर मान सरळ व लांब होते. गवताच्या गादीवर बसविले तर बूड सपाट होते. कमरेस मऊ कापडाची पट्टी बांधून ती वरचेवर सैल केली तर कंबर उतरते. एवढे माळ्याचे काम. साच्यात कोंडून गणपतीच्या आकाराचे फळ काढावयाचे आणि "प्रकट झाला" म्हणून त्यापुढे ताट ठेवावयाचे, हा प्रकार मात्र आम्ही निषिद्ध मानतो. साच्याची विद्या चीनमध्ये जुनी आहे. तेथे अशा भोपळ्यांत रातकिडे पाळीत. ती कला म्हणून मिरवावी, चमत्कार म्हणून नव्हे.

येथे तानसेनाच्या समाधीजवळील चिंचेचा पाला चघळला की गळा गोड होतो, अशी समजूत आहे. तिथपर्यंत चालत जाणारे पुष्कळ. वेलाचा देठ वाळेपर्यंत थांबणारे थोडे. आम्हीही पहिल्या वर्षी थांबलो नाही. सावलीत टांगलेल्या फळावर काळी बुरशी धरली, ते सडले असे समजून आम्ही उकिरड्यावर टाकले. नंतर कळले की टणक फळावरील बुरशी वाळण्याची खूण असते. बोट रुतले तरच ते गेले समजावे. उकिरड्यावरून ते कोणी उचलून नेले, ठाऊक नाही.

यंदाचे फळ माजघरात टांगले आहे. हलविले की आत बिया वाजतात. घरातून दोनदा विचारणा झाली, "याची भाजी कधी?" आता विळीच काय, कोयताही त्याला लागणार नाही.