ऐकणारे यंत्र आणि माणसाची सोबत

अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी १९६६ च्या सुमारास ‘एलायझा’ ही संगणक-आज्ञावली सिद्ध केली. समोरच्याचेच वाक्य प्रश्नरूपाने परत करणे, एवढेच बहुधा तिचे कसब. हे ठाऊक असूनही त्यांच्या सचिव महिलेने तिच्याशी संवाद साधताना त्यांनाच खोलीबाहेर जाण्यास सांगितले. या अस्वस्थतेतून १९७६ मध्ये ‘कॉम्प्युटर पॉवर अँड ह्यूमन रीझन’ हा त्यांचा ग्रंथ आला. यंत्राला काय साधेल, याहून त्याच्यावर काय सोपवू नये, हा त्यातील खरा प्रश्न. आज यंत्रे अधिक सफाईने बोलतात. म्हणूनच तो अधिक निकडीचा ठरतो. दुसऱ्याचे दुःख ऐकताना ऐकणाऱ्यालाही काही सोसावे लागते. ते टाळण्यासाठी यंत्र पुढे करणारा समाज सोय मिळवील. सोबत मात्र गमावील.